'इन्फ्लिक्ट'पुढे 'ऑन' की 'विथ'?

प्रश्न: 'द स्टॉर्म इन्फ्लिक्टेड द व्हिलेज विथ हेवी लॉसेस' या वाक्यात चूक काय?

उत्तर: 'इन्फ्लिक्ट' म्हणजे (त्रास) लादणं. त्याचं कर्म म्हणजे इजा, दुःख किंवा नुकसान; ते भोगणारा 'ऑन'नंतर येतो. म्हणून 'इन्फ्लिक्टेड हेवी लॉसेस ऑन द व्हिलेज'. 'अफ्लिक्ट'चं (पीडणं) नेमकं उलट: कर्म भोगणारा, त्रास 'विथ'नंतर, तोही बहुधा कर्मणी प्रयोगात: 'ही वॉज अफ्लिक्टेड विथ गाउट' (गाउट हा सांध्यांचा आजार). 'विथ'ऐवजी 'बाय'ही चालतं.

खरा घोळ कर्मणीतच होतो. 'द व्हिलेज वॉज इन्फ्लिक्टेड' म्हटलं, की गावच कुणाच्या तरी माथी मारल्यासारखं होतं! शंका आली तर तिथे 'इम्पोज' (लादणं) घालून वाचा. वाक्य बसलं तर 'इन्फ्लिक्ट ऑन' बरोबर. 'ऑन'ऐवजी 'अपॉन' चुकीचं नाही, पण साध्या लेखनात जडच वाटतं.