वाढलेलं पान उचललं तर...

प्रश्न : मुलीच्या आग्रहाखातर होमरचं ग्रीक महाकाव्य 'इलियड' वाचायला घेतलं. पहिल्याच सर्गात अकिलीस एका दासीवरून भडकतो, समुद्राकाठी आईजवळ रडतो आणि लढाई सोडून तंबूत जाऊन बसतो. त्यापायी त्याचीच माणसं मरतात. असल्या रुसूबाईला महावीर का म्हणायचं?
– एक वाचक, सोलापूर

तुमचा राग रास्त आहे. पण ट्रॉय शहराशी लढायला आलेल्या ग्रीकांच्या त्या छावणीत काय घडलं ते जरा बारकाईनं बघा. अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी क्रिसेइस ही ग्रीकांचा म्होरक्या राजा ॲगमेम्नॉन याच्या वाट्याला आलेली. बाप खंडणी घेऊन सोडवायला आला, तर राजानं त्याला हाकलून दिलं. मग अपोलोनं नऊ दिवस छावणीवर बाण सोडले. आधी खेचरं आणि कुत्री मेली, मग माणसं. शेवटी ॲगमेम्नॉनला मुलगी परत करावी लागली. आता राजाचेच हात रिकामे, हे त्याला सोसवेना. म्हणून त्यानं अकिलीसच्या वाट्याची दासी ब्रिसेइस उचलून नेली.

लुटीचा वाटा सैन्यानं सगळ्यांदेखत दिलेला असतो. कुणाची लायकी किती, हे त्या वाट्यावरूनच दिसतं, त्याला दुसरं माप नाही. भरल्या पंगतीत कुणी तुमच्यासमोरचं वाढलेलं पान उचलून नेलं, तर भूक किती होती हा मुद्दा राहतो का? अकिलीसचं तसंच झालं, आणि पंगतीतला एकही जण राजाला अडवायला पुढे झाला नाही. म्हातारा नेस्टॉर तेवढा दोघांनाही समजावत राहिला.

ब्रिसेइसला मात्र कुणीच काही विचारत नाही. तिचं म्हणणं थेट एकोणिसाव्या सर्गात ऐकू येतं. अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस मेलेला असतो आणि ती त्याच्या प्रेतावर पडून रडते. तिचा नवरा आणि तीन भाऊ एकाच दिवशी मारले गेले होते, नवऱ्याला तर अकिलीसनंच मारलं. तेव्हा तिला रडू न देता, मी तुमचं लग्न लावून देईन, असा धीर पॅट्रोक्लसनं दिला होता. तिच्याबरोबर बाकीच्या बायकाही रडतात. होमर म्हणतो, त्या वरवर पॅट्रोक्लससाठी रडत होत्या, खरं तर जी ती आपापल्या दुःखासाठी. वीरांच्या मानापानाची किंमत कोण मोजतंय, हे कवीला पक्कं ठाऊक आहे.

नववा सर्ग सावकाश वाचा, माझ्या मते सगळ्या काव्याची किल्ली तिथे आहे. ॲगमेम्नॉन नमतं घेतो आणि नजराण्यांची यादी पाठवतो : तीन पायांच्या सात कढया, सोन्याचे दहा टॅलेंट (हे वजनाचं जुनं माप), वीस हंडे, शर्यती जिंकणारे बारा घोडे, लेस्बॉसच्या सात कुशल बायका, ब्रिसेइसही परत. शिवाय पुढे सात गावं आणि जावईपण. राजाचा निरोप घेऊन आलेला ओडिसियस ही यादी पाठ म्हणून दाखवतो, पण राजाचं शेवटचं वाक्य चतुराईनं गाळतो. राजा म्हणाला होता की त्यानं माझ्यापुढे वाकावं, कारण मी त्याच्याहून मोठा राजा आहे. अकिलीसला ते वाक्य ऐकू आलेलं नाही, तरी वास येतोच. एक मनात ठेवून दुसरंच बोलणारा माणूस मला नरकाच्या दाराइतका नकोसा वाटतो, असं तो सुनावतो.

मग तो जे बोलतो ते त्या छावणीत आजवर कुणी बोललेलं नसतं. गुरं लुटून आणता येतात, मेंढ्या आणता येतात, कढया आणि घोडे मिळवता येतात. पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की तो कुठल्याच लुटीत परत मिळत नाही. ज्या चलनात सगळे मान मोजत होते, ते चलनच त्यानं नाकारलं. हा निव्वळ रुसवा म्हणाल?

गंमत म्हणजे तो हटूनही बसत नाही. ओडिसियसला सांगतो, उद्या सकाळी जहाजं लोटून घरी निघालो. त्याला लहानाचं मोठं करणारा म्हातारा फीनिक्स रडतो, तेव्हा म्हणतो, जायचं की राहायचं ते सकाळी ठरवू. मग बरोबर आलेला अजॅक्स चार शब्द बोलतो. भाषण असं नाहीच ते. लोक भावाच्या, मुलाच्या खुनाचीसुद्धा भरपाई घेऊन गप्प बसतात आणि तू एका मुलीसाठी अडून बसलास, आम्ही सात देतोय! त्यावर अकिलीस म्हणतो, तुझं पटतंय, पण राग जात नाही. ट्रॉयचा हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत आला की बघू. म्हणजे जाणं रद्द झालंच. पण तेवढ्या ताणण्यात पॅट्रोक्लस गेला. त्याचा दोष अकिलीस दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

प्रश्न : सगळं देवच घडवतात, तर वीरांचा पराक्रम कसला? आणि झ्यूस एवढा मोठा, तर स्वतःच्या मुलाला का वाचवत नाही?
– एक वाचक, पुणे

देव घडवतात तेवढं बिघडवतातही. पॅट्रोक्लसला आधी अपोलो पाठीवर थप्पड मारून निःशस्त्र करतो, मग ट्रॉयकडचा युफॉर्बस भाला मारतो, शेवटी हेक्टर. मरता मरता पॅट्रोक्लस हेक्टरला म्हणतो, मला मारणारा तू तिसरा. जिंकलेल्याच्या तोंडावर यश असं कमी करून ठेवलेलं! पण सक्ती दर वेळी नसते. पहिल्या सर्गात अकिलीस तलवार उपसतो तेव्हा अथीना मागून त्याचे केस धरते, आणि म्हणते काय, तर ऐकणार असशील तर थांब. तो ऐकतो.

देव स्वतः मात्र धमाल करतात. पाचव्या सर्गात ग्रीक वीर डायोमिडीसचा भाला लागल्यावर साक्षात युद्धदेव एरीस नऊ-दहा हजार माणसांच्या आवाजात ओरडतो आणि रडत बापाकडे गाऱ्हाणं घेऊन जातो. मी वर्गात हा भाग शिकवायचो तेव्हा मुलं हमखास हसायची, आणि हसायलाच हवं. झ्यूस त्याला झापतो, देवांच्या वैद्याकडून औषध लावून घेतो, जखम तिथल्या तिथे बरी. देवाला गमावण्यासारखं काही नाही, म्हणून शौर्यही नाही.

हेच ट्रॉयच्या बाजूनं लढणारा लिसियाचा राजा सार्पेडॉन बाराव्या सर्गात आपला सोबती ग्लॉकसला सांगतो. आपल्याला मानाची जागा, चांगलं मांस, भरलेले पेले, झँथस नदीकाठची जमीन का मिळते? तर आघाडीला उभं राहण्यासाठी. या लढाईतून सुटून आपण अमर होणार असतो, तर मी पुढे गेलो नसतो आणि तुलाही पाठवलं नसतं. पण मरण टळत नाही, तेव्हा चल. हा सार्पेडॉनच तुम्ही विचारलेला झ्यूसचा मुलगा. त्याचं मरण जवळ येतं तेव्हा झ्यूसच्या मनात येतं की त्याला उचलून न्यावं. त्याची बायको हेरा म्हणते, ने की, पण मग बाकीचे देवही आपापल्या पोरांना नेतील. झ्यूस गप्प बसतो, जमिनीवर रक्ताचे थेंब पाडतो. प्रेत निद्रा आणि मृत्यू ही जुळी भावंडं लिसियाला नेतात.

प्रश्न : लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच कोणत्या सर्गात आहे?
– दोन-तीन वाचकांनी विचारलं आहे

कुठल्याच नाही. 'इलियड' हेक्टरच्या अंत्यविधीशी संपतं. घोड्याची गोष्ट होमरच्याच 'ओडिसी'त येते. टाच सोडून अकिलीसला जखमच होत नाही, ही गोष्ट तर फार पुढच्या काळातली. 'इलियड'च्या एकविसाव्या सर्गात अकिलीसच्या हाताला भाला चाटून जातो आणि चांगलं रक्त येतं. या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत म्हणून पुस्तक मिटू नका, तेविसाव्या सर्गातली रथांची शर्यत वाचा. बक्षिसावरून पुन्हा तसाच तंटा होतो. तरुण अँटिलोकस दुसऱ्या नंबरची घोडी सोडायला तयार नाही, हवी असेल त्यानं लढून घ्यावी म्हणतो. या वेळी निवाडा अकिलीसकडे आहे. तो हसतो आणि ज्याला ती घोडी द्यायची होती त्याच्यासाठी वेगळं बक्षीस स्वतःच्या तंबूतून मागवतो.