जुन्या वाड्याला नवी खोली जोडताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, तू हाती घेतलेल्या कामाचे फोटो बघितले. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतला वाडा, मागच्या परड्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम वाढवायचं. काम चांगलं आहे, पण मालकांनी घाई लावली तरी तू लावून घेऊ नकोस.

कागद आधी. मालमत्ता पत्रकावर किती नावं आहेत ते बघ. पेठांतल्या वाटण्या भिंतीभिंतींनी झालेल्या असतात. जी भिंत तू फोडायला निघशील ती निम्मी चुलत्याची असायची. वाडा वारसा यादीत आहे का, कुठल्या श्रेणीत, हे महापालिकेत विचार. पहिल्या श्रेणीत डागडुजी आणि मजबुतीपलीकडे फारसं काही करता येत नाही. दुसरीत आतले बदल चालतात, बाहेरून काही बदलायचं तर काटेकोर छाननी होते. तिसरीत बरीच मोकळीक आहे.

आता भिंती. काळ्या दगडाचं जोतं, वर माती-विटा, त्यावर चुन्याचा गिलावा. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्यातून उडून जाते. तिथं सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, लोणा लागतो म्हणजे खारट पांढरी पूड फुटते, पापुद्रे सुटतात. आणि जे दिसत नाही ते जास्त वाईट: भिंतीत बसलेलं तुळईचं टोक भिजत राहतं, कुजतं, वाळवीला आयतं मिळतं. दाभण घे आणि प्रत्येक टोक टोचून बघ. सागवान वरून ठणठणीत दिसतं, त्यावर जाऊ नकोस. २०१९ आणि २०२१ चं पुराचं पाणी कुठवर चढलं होतं तेही शेजाऱ्यांना विचार. गिलावा चुन्याचाच कर, आणि विजेचे बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घे. चुन्यात गुळाचं पाणी, हिरडा घालायची जुनी रीत आहे. कोल्हापुरात गुळाला काय तोटा? चुना मुरेपर्यंत धीर धरणारा गवंडी मात्र शोधावा लागेल.

नवं बांधकाम स्वतःच्या पायावर उभं कर. जुना वाडा बसायचा तेवढा कधीच बसलाय, नवा भाग अजून बसणार आहे. स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवलीस तर पहिल्याच वर्षी तडा येईल. दोन्हींमध्ये फट ठेव, ती वरून नीट झाक. जोत्यालगतचा पाया एका दमात उकरू नकोस. थोडा खणायचा, भरायचा, मग पुढं. नव्या छपराचं पाणी जुन्या भिंतीवर पडता कामा नये, दोन छपरांमध्ये चांगली रुंद पन्हळ पाहिजे. आणि नळ, मोरी, संडास सगळं नव्या भागात. लाकडी तक्तपोशीवर मोरी काढू दे म्हणून मालकीणबाई हट्ट धरतील, तिथं नाही म्हणायचं.

दर्शनी बाजूला न्यू पॅलेससारख्या कमानी मागतील. तो राजवाडा मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यावर काळ्या दगडात बांधून १८८४ साली पुरा झाला. तिथली कमान वजन पेलते. स्लॅबखाली चिकटवलेली सिमेंटची कमान काय पेलणार? नवी खोली साधी ठेव, जुन्यापेक्षा बुटकी, आणि नवीच दिसू दे.

काम दिवाळीनंतर काढ. छपराची कौलं उतरवलीस तर वळवाच्या आत परत चढली पाहिजेत. इथला वळीव एप्रिलमध्येही गाठतो, म्हणून ताडपत्री आधीच आणून ठेव आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात धर.