वाचकांचे प्रश्न : रोमचे पाणी, त्याचे माप आणि त्याची चोरी

प्रश्न : कात्रजच्या तलावातून पुण्यात आलेला पेशवेकालीन नळ जमिनीखालून आहे. मग रोमन लोकांनी पाणी एवढ्या उंच कमानींवरून का आणले? (सदाशिव पेठेतील वाचक)

उत्तर : छायाचित्रांत कमानीच दिसतात, त्यामुळे असा समज होतो. रोमचे पाणीसुद्धा बहुतांशी जमिनीखालूनच येत असे. इ.स.पू. १४४ ते १४० या काळात बांधलेल्या अ‍ॅक्वा मार्सिया या पाण्याच्या कालव्याची लांबी सुमारे ९१ किलोमीटर होती आणि त्यातले ८० किलोमीटर भूमिगत. कमानी लागत त्या दरी ओलांडायला आणि शहरालगतच्या सखल भागात. तिथे पाण्याची उंची गेली, तर टेकड्यांवरच्या वस्तीला पाणी पोचत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळातला कात्रजचा नळ असो की हे कालवे, सगळी भिस्त उतारावरच. सफाईसाठी उतरायला दोन्हीकडे जागोजागी वरून तोंडे ठेवलेली होती.

उतार किती बेताचा असे, ते दक्षिण फ्रान्समधल्या नीमच्या कालव्यावरून कळते. सुमारे ५० किलोमीटरांत तो जेमतेम १२-१३ मीटर उतरतो. पातळी पाहायला २० फूट लांबीचे लाकडी बाक वापरत. त्याला ओळंबे लावलेले असत. वाऱ्याने ओळंबे हलू लागले, तर बाकाच्या माथ्यावरच्या चरात पाणी ओतून पातळी घेत.

प्रश्न : शिशाच्या नळांमुळे रोमन साम्राज्य बुडाले, हे खरे का? (कोथरूडमधील वाचक)

उत्तर : नाही. तिथले पाणी चुनखडीचे असल्याने नळाला आतून थर बसे आणि पाणी अखंड वाहते असल्याने ते नळात साचून राहत नसे. शिसे अपायकारक आहे, हे मात्र त्यांना माहीत होते. वास्तुकार विट्रुव्हियसने शिशाचे काम करणाऱ्यांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवून मातीचे नळ बरे, असे लिहून ठेवले. शिशाच्या भांड्यांत आटवलेला द्राक्षरस पोटात जाई, तो जास्त घातक.

प्रश्न : रोममध्ये घरोघरी नळ होते का? पाणी कोण वाटत असे? (कसबा पेठेतील वाचक)

उत्तर : सामान्य माणूस रस्त्यावरच्या हौदातून पाणी भरून नेई. पहिल्या शतकाच्या अखेरीस असे ५९१ हौद होते. घरात नळ हवा, तर सम्राटाकडे अर्ज करावा लागे. मिळालेला हक्क त्या माणसापुरताच. तो वारला किंवा घर विकले गेले, की हक्क संपला.

इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्वाने सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस याला पाणीखात्याचा प्रमुख नेमले. त्याने लिहिलेला अहवाल आज उपलब्ध आहे आणि प्राचीन कारभार समजून घ्यायला त्याच्यासारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल. खात्यात ७०० गुलाम होते : टाकीवाले, गस्तवाले, फरसबंदी करणारे, गिलावा करणारे. घरोघरचे नळ ज्या टाकीतून निघत, तिच्या भिंतीत किमान १२ अंगुळे, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर लांबीची, शिक्का मारलेली काशाची तोटी बसवत. शिशाची नळी ठोकून रुंद करता येते, कासे तसे वाकत नाही. मूळ माप होते क्विनारिया : सव्वा अंगुळ व्यासाची तोटी.

चोरी नेमकी इथेच होई. तोटी योग्य मापाची, पण तिच्यापुढे लगेच जाड नळ जोडलेला, म्हणजे पाणी जास्त ओढले जाते. म्हणून टाकीपासून ५० फुटांपर्यंत नळ तोटीच्याच मापाचा असावा, असा नियम होता. तोटी खाली बसवली तरी पाणी जास्त, वर बसवली तर कमी. घराच्या नव्या मालकाला नवा हक्क मिळाला, की खात्यातले लोक टाकीला नवे भोक पाडत आणि जुन्या भोकातले पाणी परस्पर विकत. रस्त्यांखालून जाणारे चोरटे नळ उपटले, तेव्हा फ्रॉन्टिनसच्या हाती बरेच शिसे लागले.

कालवा जाणूनबुजून फोडणाऱ्याला इ.स.पू. ९ च्या कायद्याने १,००,००० सेस्टर्स (रोमन नाणी) दंड होता. त्या काळी सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स. मुळांनी चिरे फाकतात, म्हणून कमानींच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा झाडांविना मोकळी ठेवावी लागे.

हिशेब तपासताना फ्रॉन्टिनसला दिसले, की दप्तरात आवक १२,७५५ क्विनारिया आणि वाटप १४,०१८. आवकेपेक्षा वाटप जास्त कसे? त्याने उगमापाशी जाऊन पुन्हा मोजणी केली, तर आवक दप्तरातल्या आकड्याहून सुमारे १०,००० ने अधिक भरली. ही तफावत त्याने मुख्यतः चोरीच्या खात्यात टाकली. चोरी होतीच, पण त्याच्या मापातही खोट होती. क्विनारिया म्हणजे केवळ तोंडाचे क्षेत्रफळ. वेगवान पाणी त्याच तोंडातून जास्त जाते, हे त्याच्या लक्षात आले होते, पण वेग मोजायची रीत त्याच्यापाशी नव्हती. रोमला रोज किती लिटर पाणी मिळे, याचे जे आकडे सर्रास दिले जातात, ते म्हणूनच अंदाज समजावेत.