फॅनगेमला नवे फेकमॉन लागतातच का?

या वेळी सोलापूर आणि परिसरातून आलेले बरेच प्रश्न एकाच विषयावर आहेत: पोकेमॉनच्या चाहत्यांनी बनवलेले मॉन्स्टर पकडायचे गेम, म्हणजे फॅनगेम. त्यांत चाहत्यांनी स्वतः रचलेल्या नव्या जीवांना फेकमॉन म्हणतात. पहिला प्रश्न बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: आम्ही तिघं मित्र आरपीजी मेकर एक्सपी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आणि त्यावरचा पोकेमॉन इसेन्शियल्स हा तयार सांगाडा वापरून सोलापूर जिल्ह्यावर फॅनगेम बनवतोय. नकाशात सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, नान्नजचं माळरान असं सगळं घेतलंय. एकाचं म्हणणं, निदान १५० नवे फेकमॉन असल्याशिवाय कोणी गेम डाउनलोड करणार नाही. दुसरा म्हणतो, लोक पिकाचूसाठीच येतात. कोणाचं ऐकावं? (अशोक चौक, सोलापूर)

उत्तर: गेमकडे खेळाडू ओढण्यापुरतं बोलायचं तर दुसऱ्या मित्राचं. 'पोकेमॉन रिबॉर्न' आणि 'रॅडिकल रेड' या दोन्ही फॅनगेमना प्रचंड खेळाडू मिळाले आणि दोन्हींत बहुतेक जीव अधिकृतच आहेत. लोक आले ते अवघड लढायांसाठी. रिबॉर्नमध्ये तर लढाईच्या जागेनुसार चालींचा परिणाम बदलतो, आणि तेवढ्यासाठी जुना खेळाडू सगळं नव्याने शिकायला तयार होतो. 'इन्फिनिट फ्यूजन'ने कोणत्याही दोन जुन्या जीवांचा संगम करायची सोय दिली. कोणाचं डोकं आणि कोणाचं धड हा क्रम बदलला की जीवही बदलतो, त्यामुळे १०० जीवांतून १०,००० जोड्या निघतात.

ओळखीचा जीव तुमचं अर्धं काम फुकटात करतो. दगडाचा जिओड्यूड समोर आला की पाण्याची चाल मारायची, हे खेळाडूला सांगावं लागत नाही. नवा जीव आला की तो कोणत्या टाइपचा (आग, पाणी असा प्रकार), वेगवान की दणकट, पुढे काय होणार, हे सगळं तुम्हाला शिकवावं लागतं. १५० जीव म्हणजे असे १५० धडे. ते न शिकवता सहाव्या जिममध्ये (जिम लीडर या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी लढायच्या जागी) तीन अनोळखी जीव उतरवले तर खेळाडू हरतो ते माहिती नसल्यामुळे. मग तो गेमलाच अन्यायी म्हणतो आणि बंद करतो. हे टाळायचं तर जिम लीडरचा प्रत्येक नवा जीव आधीच्या रस्त्यावर एखाद्या साध्या ट्रेनरकडे एकदा तरी दिसू द्या. अधिकृत गेममध्ये २०१६च्या सन आणि मूनपासून, आधी भेटलेल्या जीवावर कोणती चाल किती लागेल ते चालीच्या बटणावरच दिसतं. तशी सोय तुमच्या मेनूत जरूर घाला.

पहिल्या मित्राची बाजूही पोकळ नाही. 'पोकेमॉन युरेनियम'मध्ये दीडशेहून अधिक नवे जीव होते. ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला आणि थोड्याच दिवसांत त्याची १५ लाखांवर डाउनलोड झाली. पण तो बनवायला नऊ वर्षं लागली. एका फेकमॉनला काय काय लागतं ते मोजा: पुढचं चित्र, पाठीमागचं चित्र, दोन्हींची शायनी (दुर्मीळ, वेगळी) रंगसंगती, दोन फ्रेमचा आयकॉन, आवाज, पोकेडेक्स या जीवकोशातली नोंद, सहा बेस स्टॅट्स (ताकद, वेग वगैरेंचे मूळ आकडे), अ‍ॅबिलिटी, कोणत्या लेव्हलला कोणती चाल त्याची यादी, आणि तो कुठे भेटेल ती जागा. नवख्या हाताला एका जीवाचे बारा तास धरले तर १५० जीवांचे १,८०० तास होतात. रोज दोन तास एकाने बसायचं म्हटलं तर ९०० दिवस, म्हणजे अडीच वर्षं; आणि तोवर नकाशा आणि कथा यांना हातही लागलेला नसेल. अपुरे राहिलेले फॅनगेम बहुतेक इथेच अडकतात.

म्हणून आमचा सल्ला असा: शंभरेक जुने जीव घ्या आणि बारा नवे करा. तीन स्टार्टर (खेळाडू सुरुवातीला ज्यांतून एक निवडतो ते जीव), प्रत्येकाच्या तीन अवस्था, हे नऊ झाले. उरलेले तीन फक्त सोलापूरचेच वाटतील असे घ्या: माळढोक, काळवीट, आणि यंत्रमागाचा एक, ज्याची मुख्य चाल धोट्यासारखी या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन दोनदा लागते. बारा जीवांचे १४४ तास होतात, आणि तिघांत ते वाटून घेता येतात.

स्टार्टरच्या पहिल्या अवस्था आणि हे तीन पहिल्या तासाभरात दिसलेच पाहिजेत. बरेच जण सगळ्यात मेहनतीने काढलेला जीव 'दुर्मीळ' म्हणून भेटीच्या एक टक्का शक्यतेवर टाकतात. जुन्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या गेममध्ये गवतात भेटणाऱ्या जीवांच्या यादीतल्या बारा जागांची वाटणी २०, २०, १०, १०, १०, १०, ५, ५, ४, ४, १, १ टक्के अशी असे. एक टक्क्याचा जीव एकदा तरी दिसण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे ६९ वेळा गवतातली लढाई व्हावी लागते. वीस टक्क्यांचा जीव चार लढायांत साठ टक्क्यांच्या आसपास शक्यतेने भेटतो. इसेन्शियल्सच्या एन्काउंटर्स फाइलमध्ये हे आकडे तुम्हीच लिहिता, तेव्हा नान्नजच्या पहिल्या गवतात तुमचा काळवीट २० वर ठेवा. कॅच रेटही (जितका मोठा तितका जीव सहज पकडला जातो) साध्या जीवाला २५५ च्या जवळ असू द्या. स्टार्टरचा ४५ असतो, तो गवतातल्या जीवाला लावला तर पकडायचे बॉल संपतात आणि माणूस वैतागतो.

स्टॅट्समध्ये आपल्या जीवाचे लाड करू नका. बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल या अधिकृत स्टार्टरांच्या सहा स्टॅट्सची बेरीज अनुक्रमे ३१८, ३०९, ३१४ आहे. त्यांच्या शेवटच्या अवस्थांची ५२५, ५३४, ५३०. तुमचे स्टार्टर याच पट्ट्यात ठेवा. माळढोकाला ६०० दिले की संघातले बाकीचे पाच जीव खेळाडू वापरतच नाही.

आता माळढोकच हाती घेऊन पाहू. चित्र ८० किंवा ९६ पिक्सेलच्या चौकटीत काढा आणि नंतर बरोबर दुप्पट करा. आधी सगळा आकार एकाच काळ्या रंगात भरा आणि ज्याने गेम पाहिलेला नाही अशा कोणालाही दाखवा. "मोठा, चालणारा पक्षी" एवढं उत्तर आलं की पुढे जा. "कोंबडी" आलं तर मान आणखी सरळ आणि लांब करा. पाय एक पिक्सेल जाडीचे काढले तर गवताच्या पार्श्वभूमीवर ते हरवतात. दोन पिक्सेल ठेवा. ओळखीच्या खुणा तीन: डोक्यावरची काळी टोपी, फिकट मान, तपकिरी पाठ. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबवतो. बारा जीवांच्या हिशोबात माळढोकाला एकच अवस्था आहे, पण पुढे दुसरी काढलीत तर ती पिशवी तिच्यातच येऊ द्या. खेळाडूला उत्क्रांती झाल्याचं नजरेनेच कळेल. टाइप जमीन आणि उडणारा. हा पक्षी उडतो, पण वावरतो माळावर चालत, हे त्याच्या चालींतही दिसू द्या: सुरुवातीला धावण्याच्या आणि धूळ उडवण्याच्या चाली, उडण्याची पहिली चाल विसाव्या लेव्हलनंतर.

प्रश्न: फेकमॉनचं चित्र घातलं की भोवती पांढरा चौकोन दिसतो, कडा धूसर होतात. फायररेड या जुन्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्स गेमच्या हॅकमध्ये (बदल केलेल्या प्रतीत) घातलं तर रंगच बदलतात. (जुळे सोलापूर)

उत्तर: या तीन वेगळ्या चुका आहेत. पांढरा चौकोन म्हणजे पार्श्वभूमी पारदर्शक केलेली नाही, किंवा फाइल जेपीजी आहे, पीएनजी वापरा. धूसर कडा चित्र मोठं करताना येतात. मोठं करण्याची पद्धत 'निअरेस्ट नेबर' निवडा आणि बरोबर २०० टक्केच करा. १५० टक्के केलं की पिक्सेल वेडेवाकडे होतात.

फायररेडमध्ये चित्र ६४ बाय ६४ चं आणि १६ रंगांचं लागतं. त्यातला पॅलेटमधला (रंगांच्या यादीतला) पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा रंग पारदर्शक धरला जातो, म्हणून हाताशी १५ च उरतात. गिंप किंवा एसप्राइट या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये घ्या, रंग १६ वर आणा आणि पार्श्वभूमीचा रंग पहिल्या जागी सरकवा. पुढचं आणि मागचं चित्र एकच पॅलेट वापरतात, त्यामुळे दोन्हींत रंगांचा क्रम अगदी सारखा हवा. तुमचे रंग बहुधा इथेच बदलत असणार.

प्रश्न: सगळे जीव स्वतःचे काढले तर गेम विकता येईल का? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर: फक्त जीव बदलून नाही. युरेनियममध्ये इतके नवे जीव असूनही पोकेमॉनचे गेम काढणाऱ्या निन्टेन्डोच्या वतीने नोटिसा आल्यावर बनवणाऱ्यांनी डाउनलोडच्या लिंक काढल्या. 'पोकेमॉन प्रिझम' या फॅनगेमला डिसेंबर २०१६ मध्ये प्रकाशनाच्या तोंडावर निन्टेन्डोचं तसंच पत्र आलं आणि काम थांबलं. नाव, बॉल, संगीत, मेनू, चालींची नावं हे सगळं मूळ कंपनीचंच राहतं. फॅनगेमवर एक रुपयाही घेऊ नका, देणगी आणि जाहिरातसुद्धा नको. पैसे न घेतल्याने तो कायदेशीर होत नाही, एवढंही लक्षात ठेवा.

विकायचाच असेल तर इसेन्शियल्स सोडा आणि पहिल्या दिवसापासून सगळं स्वतःचं करा. 'कोरोमॉन' (२०२२) आणि 'कॅसेट बीस्ट्स' (२०२३) याच वाटेने गेले. दुसरा तर गोडो या मोफत इंजिनात बनलेला आहे. त्यात जीव बॉलमध्ये पकडत नाहीत, कॅसेटवर रेकॉर्ड करतात आणि खेळाडू स्वतःच त्या जीवाचं रूप घेतो. पकडण्याची रीतच वेगळी केल्याने तो लक्षात राहतो. ही बाजू महत्त्वाची आहे, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने 'पालवर्ल्ड' या जीव पकडायच्या गेमच्या निर्मात्यांवर टोकियोत दावा लावला तो पेटंटचा होता, म्हणजे खेळण्याच्या पद्धतीवरून. पैसे गुंतवण्याआधी बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा भेटा. सरावासाठी 'टक्सेमॉन' हा मुक्तस्रोत गेम पाहा. तो पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि त्याचा कोड उघडून वाचता येतो.

प्रश्न: नवा टाइप घालावा का? आम्हाला 'सूत' टाइप हवाय. (बार्शी)

उत्तर: अधिकृत टाइप १८ आहेत. एकोणिसावा घातला की ३७ नवे संबंध ठरवावे लागतात: तो १८ वर कसा लागतो, ते १८ त्याच्यावर कसे लागतात, आणि तो स्वतःवर. शिवाय त्या टाइपच्या निदान आठ-दहा चाली आणि पाच-सहा जीव हवेत, नाहीतर तो नावापुरता राहतो. पहिल्या गेमला नको. सुताच्या चाली 'बग' (किडा) टाइपमध्ये चांगल्या बसतील.

प्रश्न: चित्रकार मिळत नाही. एआयकडून फेकमॉन काढून घेतले तर? (विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर: कल्पना सुचायला हरकत नाही, पण गेममध्ये तशीच घालू नका. ते चित्र पिक्सेलसारखं दिसतं, पण खऱ्या चौकटीत बसत नाही. रंग शेकड्यांनी निघतात, आणि पाठीमागचं चित्र मागितलं तर शेपटी, पट्टे सगळं बदलतं. हे निस्तरण्यात लागणारा वेळ नव्याने काढण्याइतकाच होतो. फॅनगेम खेळणारे असे गेम सरळ नाकारतात, आणि हाताने काढणाऱ्यांची मेहनत पाहता ते योग्यच आहे. त्यापेक्षा जीव बारावरून सहावर आणा.

प्रश्न: आमच्या ओळखीतले सगळे मोबाइलवरच खेळतात. त्यांच्यापर्यंत गेम कसा पोचवायचा? (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर: आरपीजी मेकर एक्सपीचा गेम विंडोजसाठी असतो. अँड्रॉइडवर तो जॉयप्ले या अ‍ॅपमधून चालतो, पण आधी साध्या, कमी रॅमच्या फोनवर तपासा. मोठा नकाशा आणि खूप हलणारी पात्रं असली की तो अडखळतो, तेव्हा नकाशे लहान तुकड्यांत तोडा. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची हॅक एम्युलेटरवर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या अ‍ॅपवर) हलकी चालते. मात्र पूर्ण रॉम (गेमची अख्खी फाइल) कोणाला देऊ नका, फक्त बदलांची पॅच फाइल द्या. रॉम १६ एमबीच्या वर वाढवली असेल तर आयपीएस प्रकारचा पॅच चालत नाही, कारण त्याची मर्यादाच तेवढी आहे. त्याऐवजी बीपीएस किंवा यूपीएस प्रकारचा पॅच बनवा. सोबतच्या सूचनेत मूळ रॉमची आवृत्ती नक्की लिहा. फायररेडच्या १.० साठी केलेला पॅच १.१ वर लावला की गेम सुरूच होत नाही किंवा मध्येच अडकतो.