तीव्र मध्यम आणि ध्वनीची तीव्रता

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, संध्याकाळी पेटीच्या क्लासला जाते. क्लासमध्ये तीव्र म म्हणजे शुद्ध म-च्या वरचा स्वर. शाळेत मात्र 'ध्वनीची तीव्रता' म्हणजे जोर, आणि स्वर वरचा की खालचा याला 'उच्चनीचता' असा वेगळा शब्द. तिने पेपरात लिहिलं, 'तीव्र ध्वनीची वारंवारता जास्त असते', आणि मार्क गेले. चुकलं कोण? आणि मग आपण 'तारस्वरात ओरडतो' ते तरी बरोबर म्हणतो का?

मार्क गेले ते नियमाला धरून गेले, पण मुलीची मला दया येते. तिचं वाक्य पेटीवर शंभर टक्के खरं आहे.

पेटी घरात आहेच, तर एक करून पाहा. पांढरी एकला सा धरा. शुद्ध म पांढरी चारवर येतो, तीव्र म शेजारच्या काळी तीनवर. आता काळी तीन दाबून भाता अगदी अलगद हलवा. सूर कुजबुजल्यासारखा येईल, पण तो तीव्र मच. मग पांढरी चार दाबून भाता जोरात मारा. शेजारचे बेल वाजवायला येतील, तरी तो शुद्ध मच राहील. मधल्या सप्तकात शुद्ध म सेकंदाला साधारण ३४९ कंपनांचा असतो आणि तीव्र म ३७० कंपनांचा. भात्याने हा आकडा जवळजवळ हलत नाही. भाता एवढंच ठरवतो की आतली पितळी जीभ (पेटीवाले तिलाच 'सूर' म्हणतात) प्रत्येक हेलकाव्याला किती लांब जाते.

सेकंदाला किती हेलकावे (हीच वारंवारता), यावरून स्वर वरचा की खालचा ते ठरतं. हेलकावा केवढा, यावरून आवाज मोठा की लहान. पदार्थविज्ञानातली तीव्रता या दुसऱ्या बाजूची: एका चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती ध्वनिऊर्जा जाते, त्याचं माप. मोकळ्या मैदानात बोलणाऱ्यापासून दुप्पट लांब गेलात की ती चौथाईवर येते. स्वर मात्र तोच राहतो. लांब गेल्यावर तीव्र म उतरून शुद्ध म झाला असता, तर मैफलीत मागच्या रांगेत बसणाऱ्यांना वेगळाच राग ऐकावा लागला असता.

मग संगीतवाल्यांनी 'तीव्र' का म्हटलं? संस्कृतात तीव्र म्हणजे प्रखर, झोंबणारं, आणि कोमल म्हणजे मऊ. चढवलेला म कानाला धारदार लागतो, उतरवलेला गंधार मऊ लागतो. हे स्वराच्या स्पर्शाचं वर्णन आहे, जोराचं नाही. कोमल गंधार घसा फोडून गायला तरी कोमलच. पुढे पदार्थविज्ञानाला शब्द हवा होता तेव्हा प्रकाश, उष्णता, ध्वनी या सगळ्यांना चालेल असा 'तीव्रता' घेतला गेला आणि ध्वनीच्या धड्यात येऊन तो संगीतातल्या शब्दाला आपटला.

हा गोंधळ शाळेने आणला असं मात्र समजू नका. पाणिनीचं सूत्र आहे, 'उच्चैरुदात्तः'. उच्चैः उच्चारला तो स्वर उदात्त. आता उच्चैः म्हणजे वरचा की मोठ्याने? संस्कृतात दोन्ही. त्यावर महाभाष्यात पतंजलीने एक झकास प्रसंग रंगवला आहे. एक जण पाठ म्हणत बसलाय. एक ऐकणारा म्हणतो, 'किती बोंबलतोस, शनैः म्हण!' त्याच पाठाला दुसरा म्हणतो, 'दातातल्या दातात काय पुटपुटतोस, उच्चैः म्हण!' मुद्दा असा की उच्च-नीच हे ऐकणाऱ्यागणिक बदलतं. पुढे पाणिनीच्या सूत्रांवरची टीका असलेल्या काशिकावृत्तीने स्वच्छ सांगून टाकलं की इथे उच्चैः म्हणजे 'मोठ्याने बोलतो' यातलं उच्चैः घ्यायचं नाही. मोठा आवाज आणि वरचा स्वर एक नव्हेत, हे बजावून सांगायची वेळ सातव्या शतकातल्या व्याकरणकारांवरही आली होती. आठवीतल्या मुलीचे मार्क कापताना एवढं लक्षात घ्यायला हरकत नाही.

त्या प्रसंगातलं 'शनैः' बघा. एरवी त्याचा अर्थ सावकाश, इथे मात्र बारीक आवाजात. आपल्या 'हळू'चंही अगदी तेच. बसमध्ये 'हळू बोल' म्हणजे आवाज कमी कर. शिकवणीत 'सर, हळू बोला, लिहून घेतोय' म्हणजे वेग कमी करा. 'जोरात'ही तसाच: गाडीही जोरात, भांडणही जोरात. 'बारीक' तर त्याहून मजेदार. 'रेडिओ बारीक कर' म्हणताना तो तीव्रतेचा शब्द असतो, आणि 'तिचा आवाज बारीक आहे' म्हणताना बहुतेक वेळा उच्चनीचतेचा, म्हणजे जाड, घोगऱ्या आवाजाच्या उलट. 'टीव्ही मोठा कर' म्हटल्यावर कुणी ५५ इंची घ्यायला दुकानात जात नाही, कारण संदर्भ सांभाळून घेतो. रोजच्या मराठीने हे दोन गुण वेगळे ठेवायची तसदी घेतलीच नाही. ज्यांना गरज होती त्यांनी ती घेतली: पट्टी, सप्तक, मंद्र (खालचं), मध्य, तार (वरचं) हे सगळे शब्द फक्त वर-खालीचे आहेत.

आता तारस्वर. अमरकोशात मंद्र म्हणजे गंभीर आणि तार म्हणजे 'अत्युच्चैः'. पुन्हा तेच दुहेरी उच्चैः! गवयाचा तार षड्ज हळुवार लागू शकतो, चांगल्या गवयाचा तर लागतोच. म्हणून काटेकोर माणूस म्हणेल की ओरडण्याला 'तारस्वर' म्हणणं चूक आहे. मला ते पटत नाही. तुम्हीच मंद्र सप्तकात ओरडून दाखवा! ओरडताना छातीतून हवेचा दाब वाढतो, स्वरतंतू ताणले जातात, ते जास्त वेगाने कंप पावू लागतात, आणि आवाज मोठा होता होता वरही चढतो. लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवलं की गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. त्या वेळी स्वरही चढतो, हे पुढच्या मोजमापांतून दिसलं. रस्त्यावर मोबाइलवर बोलणारा कुणीही ऐका. 'आवाज चढवू नकोस' हा वाक्प्रचार माणसाच्या गळ्यापुरता अचूक आहे. 'तारस्वरात ओरडला' बिनधास्त लिहा.

गळा सोडून वाद्यांकडे गेलं की मात्र ही जोडी फुटते. डास कानाशी गुणगुणतो तो सेकंदाला ४००-६०० कंपनांनी, म्हणजे स्वर चांगला वरचा, पण जोर नगण्य. ढोल नेमका उलटा: खालचा आणि प्रचंड मोठा. गणपतीच्या मिरवणुकीत हे छान कळतं. मिरवणूक अजून दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात येतो तो नुसता धम्... धम्. वाटतं, आज ताशे नाहीतच. मग पथक कोपऱ्यावर वळतं आणि एकदम ताशाची तडतड कानावर आदळते. ताशा मघाशीही तेवढ्याच जोमाने वाजत होता. पण सेकंदाला १०० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळपास असते. असा ध्वनी इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालून येतो. ५,००० कंपनांची लाट जेमतेम सात सेंटिमीटरची. ती भिंतीआड अडते आणि हवेतही लवकर विरते. उच्चनीचतेमुळे तीव्रता कमी-जास्त झाली, ती अशी.

शेवटचा गोंधळ खुद्द कान करतो. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली जवळपास साडेतीन सेंटिमीटरची नळी आहे आणि तिच्यात लांबभर एक पडदा. तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. वरचे स्वर तोंडाशी त्याला जास्तीत जास्त हलवतात, खालचे टोकाशी. बेकेसी या शास्त्रज्ञाने हे दाखवलं आणि १९६१ चं नोबेल मिळवलं. म्हणजे वर-खालीचा हिशेब कानात जागेवरून लागतो, पेटीच्या पट्ट्यांसारखा. पण सगळ्या पट्ट्या सारख्या हलक्या नाहीत. २,००० ते ५,००० कंपनांच्या टापूत कान सगळ्यात तल्लख असतो. ५० कंपनांचा ध्वनी जेमतेम ऐकू यायला १,००० च्या ध्वनीपेक्षा दहा हजार पटींच्या आसपास तीव्रता लागते. म्हणून यंत्राने मोजलेली तीव्रता आणि कानाला वाटलेला मोठेपणा हेही एक नाहीत. आरतीला एकाच्या जागी तेवढ्याच जोराने गाणारे दहा जण उभे केले, तर तीव्रता दहापट होते, पण आवाज साधारण दुप्पटच मोठा वाटतो. तेव्हा मुलीला सांगा, पेपरात 'जास्त वारंवारतेचा स्वर' असं लिही आणि क्लासमध्ये खुशाल 'तीव्र' म्हण.

वय झालं की त्या नळीच्या तोंडाकडचा, म्हणजे वरच्या स्वरांचा भाग आधी दुबळा होतो. स, श, फ, थ अशा व्यंजनांची बरीचशी ओळख तिथेच पटते. 'अ', 'ओ' असे स्वर मात्र खाली शाबूत असतात. आपण काय करतो, ओरडतो. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. आमची आजी वैतागून म्हणायची, "ओरडू नकोस रे, ऐकू येतंय मला, कळत नाहीये. हळू बोल." मी आवाज कमी करायचो आणि तिला अजूनच कळायचं नाही. तिच्या 'हळू'चा दुसरा अर्थ माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.