आधी हवा, मग ट्यूनिंग

भावा, इसुझूची डिझेल पिकअप व्ही-क्रॉस घेतलीस, छान केलंस. पण ताकद वाढवायला ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सेटिंग बदलायची, म्हणजे रीमॅपची, घाई करू नकोस. आधी एअर फिल्टर उघडून बघ. धुळीच्या रस्त्यांवर तो सर्व्हिस बुकात लिहिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी चोंदतो. नवा फिल्टर, टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतचे (ती हवा थंड करणारा) होज आणि त्यांचे क्लॅम्प, एवढं नीट केलं तरी गाडी मोकळी होते.

शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बॉनेटखाली उघडा लावू नकोस. तो इंजिनची गरम हवा ओढतो; गरम हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. मूळ बॉक्समध्ये बसणारा चांगला फिल्टर पुरे. तेलाचा घेतलास तर धुतल्यावर तेल बेतानेच लाव. जादा तेल हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर बसतं आणि ईसीयूला हवेचं माप चुकीचं जातं.

डिझेलमध्ये खरी ताकद वाढते ती जास्त इंधन आणि बूस्टने (टर्बोच्या हवेच्या दाबाने). इंधनाला हवा पुरली नाही की काळा धूर, आणि एक्झॉस्टचं तापमान चढून टर्बो, पिस्टन धोक्यात. मी टॉर्क (इंजिनची ओढ) एकदम वाढवून घेतला होता. आंबा घाटात भरल्या गाडीचा क्लच घसरायला लागला. म्हणून गाडीत माल किती भरतोस ते ट्यूनरला आधी सांग, ईसीयूची मूळ फाइल जपून ठेवायला लाव, एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा ईजीटी मीटर बसव. ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा एक्झॉस्ट इंजिनात परत सोडणारी यंत्रणा) काढून देतो म्हणाला तर सरळ निघून ये. वॉरंटी संपेपर्यंत तर थांबच, आणि मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचून घे.