इंग्लंडच्या खेड्यातील बालपण खरोखर इतके रम्य असते का?

आपण विचारले आहे की दगडी चर्च, फुलांच्या बागा आणि हिरवी कुरणे अशी इंग्लंडच्या खेड्यांची जी चित्रे आपण पाहतो, तसे तेथील मुलांचे जीवन प्रत्यक्षात असते का, आणि मराठी घरातील मुलाला ते गाव आपले वाटू शकते का. माझे बालपण १९७०च्या दशकात हेरफर्डशरमध्ये, ब्रॉम्यार्ड आणि लेडबरी या दोन लहान बाजारपेठांच्या मधल्या एका खेड्यात गेले, म्हणून मी त्या भागापुरतेच लिहिते. गाव सुंदर होते, परंतु ते सौंदर्य कोणाला दाखवण्यासाठी राखलेले नव्हते. ते शेतीच्या कामातून आलेले होते, आणि त्या कामात मुलांचाही वाटा असे. मला आपलेपणा मिळाला तो त्या वाट्यामुळे.

आम्ही तेथे पोहोचलो ते वडिलांच्या नोकरीमुळे. १९४८ साली सुरू झालेल्या नॅशनल हेल्थ सर्व्हिस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टरांची चणचण होती, आणि जेथे स्थानिक डॉक्टर जाण्यास फारसे राजी नसत अशा कारखान्यांच्या वस्त्यांत व आडवळणाच्या गावांत भारतातून गेलेल्या पुष्कळ डॉक्टरांना काम मिळाले. माझे वडील त्यांपैकीच एक होते.

आमच्या भागाचे मुख्य पीक हॉप्सचे. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी ही वेलीवरची फुले आहेत. उंच खांब रोवून त्यांवर तारा ताणलेल्या असत, आणि प्रत्येक वसंतात त्या तारांपासून जमिनीपर्यंत नव्या दोऱ्या बांधल्या जात. मे महिन्यात गावातील बायका ओळीने वाकून कोवळे वेल त्या दोऱ्यांवर चढवत असत. वेल नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच वळतो. उलट गुंडाळला तर तो सुटून खाली पडतो, हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे तर शेजारच्या शेतकरीण बाईंनी माझा हात धरून शिकवले. त्या दोऱ्या नारळाच्या काथ्याच्या होत्या. माझी आई गुहागरची. तिने ती दोरी बोटांत धरली, वास घेतला, आणि आमच्याकडे हा काथ्या कसा कुजवतात, कसा झोडपतात आणि त्याचा सुंभ कसा वळतात, हे त्या बायकांना सांगू लागली. तिचे इंग्रजी तेव्हा बेताचेच होते, तरी हातांच्या खुणांनी तिने सगळे समजावले. त्या दिवसानंतर ती त्या बायकांबरोबर कामाला जाऊ लागली. वडिलांना प्रथम ते रुचले नव्हते, कारण डॉक्टरच्या पत्नीने शेतमजुरी करावी हे त्यांच्या कल्पनेबाहेरचे होते.

सप्टेंबरमध्ये काढणी होई. पूर्वी हे काम हातांनी चाले आणि त्यासाठी दक्षिण वेल्समधील खाणींच्या गावांतून व बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून कुटुंबेच्या कुटुंबे येऊन राहत. गावातील वयस्क माणसे त्या दिवसांच्या गोष्टी फार आवडीने सांगत. माझ्या लहानपणी यंत्रे आलेली होती. तोडलेले वेल ट्रेलरमधून गोठ्यासारख्या मोठ्या छपराखाली येत, आकड्यांवर टांगले जात, आणि यंत्रातून निघालेली फुले पट्ट्यावरून सरकत असताना दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका पाने व काड्या वेचून काढत. शाळा सुटल्यावर आम्हा मुलांनाही त्या पट्ट्याजवळ उभे राहू देत. फुलांतली पिवळी भुकटी बोटांना चिकटे, बोटे काळी पडत, आणि रात्री जेवताना प्रत्येक घास कडू लागे. नंतर ती फुले भट्टीघरात चाळणीसारख्या जमिनीवर पसरून खालून उष्णता देऊन रात्रभर वाळवली जात. त्या काळात साऱ्या गावात जो वास भरून राही, तो शब्दांत सांगणे मला आजवर जमलेले नाही.

ऑक्टोबरपासून सफरचंदांचे दिवस. ही खाण्याची सफरचंदे नव्हेत. सायडर हे सफरचंदांच्या रसाचे मद्य, आणि त्यासाठीची सफरचंदे तुरट असतात आणि एक चावा घेतला की दुसरा घ्यावासा वाटत नाही. टोकाला आकडा असलेल्या लांब काठीने फांद्या हलवून फळे पाडत, त्या काठीला तेथे पँकिंग पोल म्हणतात, आणि ओल्या गवतातून फळे वेचून त्यांचे ढीग घालण्याचे काम बायकामुलांकडे असे. त्याच झाडांवर मिसलटो नावाचे बांडगूळ वाढते. नाताळच्या आधी सजावटीसाठी त्याच्या जुड्या बांधून टेनबरी वेल्स नावाच्या गावातील लिलावात पाठवत, आणि एरवी बागेला उपद्रव वाटणाऱ्या वनस्पतीचे डिसेंबरमध्ये पैसे होत.

शाळेत दोन वर्ग होते, एक लहानांचा आणि एक मोठ्यांचा. १९४४च्या शिक्षण कायद्यानुसार रोज सामुदायिक प्रार्थना सक्तीची होती. आपल्या मुलाला त्यातून वगळा असे सांगण्याचा पालकांना अधिकार होता, पण माझ्या आईवडिलांनी तो वापरला नाही. शरद ऋतूत चर्चमध्ये सुगीचा उत्सव होई, तेव्हा प्रत्येक घरातून काही ना काही आणून वेदीपुढे मांडत: गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा पाव, मोठाले भोपळे, बीट, मधाच्या बरण्या. आईने परसात लावलेल्या कोथिंबिरीची एक जुडी दिली. ती कोणती भाजी, हे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी ती भोपळ्यांच्या शेजारी नीट मांडून ठेवलेली मी स्वतः पाहिली.

आता जे रम्य नव्हते तेही सांगायला हवे. घरात कोळशाची शेगडी एकाच खोलीत, आणि जानेवारीत झोपण्याच्या खोलीतील काचांवर आतल्या बाजूने बर्फ धरे. ब्रॉम्यार्डहून वूस्टरला जाणारी आगगाडी १९६४ सालीच बंद झाली होती आणि बस क्वचित असे, त्यामुळे ज्या बाईला मोटार चालवता येत नसे ती हिवाळाभर घरातच अडकून पडे. डाळी, हिंग आणि तांदूळ यांसाठी आम्ही बर्मिंगहॅमच्या सोहो रोडपर्यंत जात असू. माझ्या नावाचा उच्चार कोणाला जमत नसे, आणि दूरदर्शनवर ऐकलेले रंगाबद्दलचे शब्द काही मुले शाळेच्या अंगणात जसेच्या तसे उच्चारत. त्याने मला दुखावले होते, आणि केवळ लहान मुलांचे बोलणे म्हणून ते सोडून द्यावे असे मला आजही वाटत नाही.

ज्या ठिकाणी मला असे काहीच ऐकावे लागले नाही, ते ठिकाण म्हणजे चर्चचा घंटाघराचा मनोरा. इंग्लंडमधील चर्चच्या घंटांवर धून वाजवत नाहीत. प्रत्येक घंटेचा दोर एकेका माणसाच्या हातात असतो आणि घंटांचा क्रम ठरलेल्या नियमाने प्रत्येक फेरीत बदलत जातो. सहा घंटांचे ७२० वेगवेगळे क्रम होतात आणि ते सगळे, एकही पुन्हा न येता, वाजवण्यास सुमारे अर्धा तास लागतो. ते कागद पाहून वाजवत नाहीत, सगळे पाठ असावे लागते. आठवड्यातून एका संध्याकाळी सराव असे. मला दोर धरता येईल इतकी उंची आल्यावर मीही जाऊ लागले. तेथे ट्रॅक्टर चालवणारा, पोस्टातील बाई आणि जमीनदाराचा मुलगा एकाच वर्तुळात उभे राहत, आणि माझा धर्म कोणता हे तेथे कोणी कधीच विचारले नाही. आपली घंटा एक क्षणही लवकर वा उशिरा पडता कामा नये, एवढीच अपेक्षा असे.

त्याच दशकात ते गाव बदलू लागले होते. एल्म वृक्षांना बुरशीच्या रोगाने ग्रासले; ब्रिटनभर अडीच कोटींहून अधिक झाडे मेली, आणि आमच्या बांधांवरचे उंच एल्म एकामागून एक वाळत गेले. १९७६च्या उन्हाळ्यात असा दुष्काळ पडला की सरकारने ऑगस्टमध्ये डेनिस हॉवेल यांना त्यासाठी खास मंत्री नेमले आणि त्यानंतर काही दिवसांतच पाऊस सुरू झाला. पुढे आमची शाळा बंद झाली, बऱ्याच सफरचंदांच्या बागा उपटल्या गेल्या, आणि शेतमजुरांची घरे शहरातून निवृत्त होऊन आलेल्या लोकांनी घेतली. हॉप्स त्या भागात आजही होतात, पण गावातील मुलांचे हात त्यांना आता क्वचितच लागतात.

म्हणून कोणी मराठी कुटुंब मुलांसह तिकडे राहण्यास जाणार असेल, तर घराभोवतीचा देखावा पाहण्याआधी प्राथमिक शाळा चालू आहे का, बस किती वेळा येते आणि घंटांचा सराव कोणत्या संध्याकाळी असतो, याची चौकशी करावी. पुष्कळ मनोऱ्यांना आज माणसे कमी पडतात, आणि शिकण्यास आलेल्या मुलाला ते आनंदाने दोर हातात देतात.